दोन-तीन आठवड्यांनी सिग्नल गायब होतो? "स्कार आला" असं वहीत लिहायच्या आधी हे तपासा

हा प्रॉब्लेम आमच्याकडे इतक्यांदा आलाय की लॅबमध्ये कोणी नवीन आलं की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हे सगळं सांगत बसते, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

प्रॉब्लेम असा. रॅटच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले, सर्जरी छान झाली, पाचव्या-सहाव्या दिवसापासून स्पाइक (एकेका न्यूरॉनचे विजेचे क्षणिक ठोके) दिसायला लागले, पंधरा-वीस दिवस रेकॉर्डिंग एकदम झकास, आणि मग एके दिवशी सकाळी केबल लावली तर ३२ पैकी निम्मे चॅनेल (एक तार म्हणजे एक चॅनेल) मेलेले. काहींवर नुसती जाड पट्टी, काहींवर काहीच नाही. मग लॅबमधलं कोणीतरी म्हणतंच, "झालं, ग्लायोसिस. स्कार आला." म्हणजे तारेभोवती मेंदूतल्या आधार-पेशींचं कवच जमलं. वहीत तसं लिहिलं जातं, रॅट सॅक्रिफाइस होतो (मारला जातो), पुढच्या बॅचला पुन्हा तेच.

आमच्याकडे असं जितक्यांदा झालं त्यातल्या बहुतेक वेळा दोष मेंदूत नव्हताच, कवटीच्या बाहेर होता. कनेक्टर, स्क्रू, सोल्डर, अर्थिंग. आणि हे कळेपर्यंत आम्ही किमान तीन चांगले रॅट घालवले, याचं मला अजून वाईट वाटतं. एथिक्स कमिटीकडून मोजके रॅट मंजूर होतात, एकेकावर दोन-दोन महिने ट्रेनिंगचे जातात, आणि त्या जनावराने डोक्यावर एवढी सर्जरी सोसलेली असते, त्यामुळे "मेंदूने नाकारलं" हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं, पहिल्यांदा नाही.

सेटअप थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं समजेल. ५० मायक्रॉन जाडीच्या टंगस्टनच्या तारा, वर पॉलिइमाइडचं कोटिंग, टोक उघडं. ३२ तारा हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आतला एक भाग). दोन स्टीलचे स्क्रू सेरेबेलमच्या वरच्या हाडात, एक ग्राउंड (सर्किटचा शून्य) आणि एक रेफरन्स (ज्याच्या तुलनेत सगळे चॅनेल मोजले जातात). सगळ्या तारा ऑम्नेटिक्स कंपनीच्या बारक्या कनेक्टरला सोल्डर केलेल्या, आणि वरून डेंटल सिमेंटची टोपी. रेकॉर्डिंगच्या वेळी त्यावर इंटान कंपनीच्या चिपचा हेडस्टेज (डोक्यावर बसणारा छोटा ॲम्प्लिफायर) लागतो, सेकंदाला ३०,००० सॅम्पल. आता यातला सिग्नल किती मोठा असतो ते बघा, चांगला स्पाइक म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट धरा, आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट. म्हणजे खोलीतली लाइन आपल्या सिग्नलच्या २३ लाख पट आहे. एवढ्या गोंगाटात आपण ते टिकटिक ऐकायला बसलोय, तर कुठेतरी एक जॉइंट सैल झाला तरी सगळं बिघडणार हे ओघानंच आलं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते, त्यावरूनच हे सगळं सुरू झालं. जुलै, पुण्यात आठ-दहा दिवस ऊन नाही, सारखी रिपरिप, आणि त्यात ॲनिमल हाउसमधला डीह्युमिडिफायर बंद पडलेला. सात नंबरचा रॅट, सर्जरीनंतरचा एकोणिसावा दिवस. रात्री साडेआठला केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये २२ चॅनेलवर स्पाइक होते, सकाळी दहाला आठवर आले. मी फिल्टर बदलून बघितले, सॉफ्टवेअर रीस्टार्ट केलं, थ्रेशोल्ड खाली आणला, काही नाही. सर म्हणाले उद्या परफ्यूज करून टाक (म्हणजे रॅट संपवून मेंदू टिकवून काढ), निदान हिस्टॉलॉजी (मेंदूचे रंगवलेले काप) तरी मिळेल, आणि मी हो म्हणून फॉर्म भरायलाही घेतला होता. पिंजरा परत ठेवायला गेले तेव्हा तिथले दादा, जे रोज खायला घालतात, ते म्हणाले, "मॅडम, रात्रीतून सगळं कसं काय जाईल? काल तर चांगला होता की हा."

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. स्कार रात्रीतून येत नाही. तार आत गेल्यावर मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) काही तासांतच गोळा होतात हे खरं, पण ॲस्ट्रोसाइटचं (आधार-पेशींचं) घट्ट कवच तयार व्हायला आठवडे लागतात. त्यामुळे मेंदूतला बिघाड असेल तर तो हळूहळू दिसतो, आज हा स्पाइक थोडा लहान झाला, चार दिवसांनी तो नॉइजमध्ये बुडाला, पुढच्या आठवड्यात दुसरा. एका रात्रीत चौदा चॅनेल जातात तेव्हा काहीतरी तुटलंय, निसटलंय किंवा ओलं झालंय.

मग मी कनेक्टर स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली धरला. या कनेक्टरच्या दोन पिनांमधलं अंतर ०.६३५ मिलिमीटर. त्या पिनांच्या ओळीवर एक पिवळसर पातळ थर होता, सर्जरीच्या वेळचं सलाइन आणि रक्त नीट पुसलं गेलं नव्हतं, त्यात पिंजऱ्यातली धूळ. आणि त्याहून वाईट म्हणजे कापसाचा एक धागा, आम्ही इअरबडने कनेक्टर साफ करायचो त्यातलाच, पाच पिनांवरून आडवा पडलेला आणि ओला. साध्या डोळ्याला हे काहीही दिसत नव्हतं.

आता एवढ्याशा ओलीने काय होतं असं वाटेल, तर कसंय, बल्बच्या सर्किटमध्ये दोन तारांच्या मध्ये ३०० किलोओहमचा गळका रस्ता असला तर कोणाला कळणारही नाही, पण आपल्या इलेक्ट्रोडची स्वतःचीच इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) काहीशे किलोओहम आहे. म्हणजे पिनांमधला गळका रस्ता आणि खरा इलेक्ट्रोड दोघं बरोबरीचे झाले. सिग्नल अर्धा होतो, शेजारच्या चॅनेलचा यात मिसळतो, ग्राउंडची पिन शेजारी असेल तर सरळ जमिनीत जातो. आणि सलाइन वाळून राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, मार्चमध्ये तोच थर कोरडा असतो आणि काही त्रास देत नाही, जुलैमध्ये पापड सादळावा तसा कनेक्टर सादळतो. म्हणून आमच्याकडे हा प्रॉब्लेम पावसाळ्यात "परत" यायचा आणि दिवाळीनंतर आपोआप "बरा" व्हायचा, आणि आम्ही त्याचं श्रेय नवीन सर्जरी प्रोटोकॉलला द्यायचो.

साफ कसा करायचा: रॅटला आयसोफ्लुरेनवर (भुलीच्या वायूवर) झोपवून, अगदी बारीक नायलॉनच्या ब्रशने, आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून, ओतून नाही. नाकाजवळ वाफ जाऊ द्यायची नाही, आणि ऑक्सिजन चालू असतो तेव्हा आसपास ठिणगी किंवा कॉटरी (रक्त थांबवायला डाग देणारं यंत्र) अजिबात नको, अल्कोहोल पेट घेतं. दोन-तीनदा ब्रश फिरवायचा, कोरड्या हवेने वाळवायचं, आणि मग दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं लोक खातात आणि मग म्हणतात साफ करूनही फरक नाही. इअरबड, टिश्यू, कापूस काहीही वापरायचं नाही. सात नंबरचे चौदापैकी बारा चॅनेल त्याच दुपारी परत आले. दोन आले नाहीत, त्यांचं पुढे सांगते.

आणि हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने माकडांमध्ये बसवलेल्या ७८ सिलिकॉन ॲरेंचा (इलेक्ट्रोडच्या संचांचा) हिशोब छापला, कुठला ॲरे कशाने गेला याचा. त्यात सगळ्यात मोठा गट होता अचानक झालेल्या मेकॅनिकल बिघाडांचा, ४८ टक्के, आणि त्यातले ८३ टक्के कनेक्टरशी संबंधित. बायोलॉजिकल कारणं २४ टक्के. आणि निम्म्याहून जास्त बिघाड सर्जरीनंतर वर्षाच्या आतच झाले. माकडांच्या डोक्यावरचा कनेक्टर आमच्यापेक्षा कितीतरी दणकट असतो, तरी ही परिस्थिती. मी हे आकडे प्रिंट करून रिगच्या शेजारी चिकटवलेत.

आता पायरीने जाऊ. सगळ्यात आधी बघायचं ते एलएफपी (आसपासच्या पुष्कळ न्यूरॉनची मिळून येणारी संथ लाट), स्पाइक नाही. स्पाइक शोधायला आपण ३०० हर्ट्झच्या वरचं बघतो आणि खालचं सगळं फेकून देतो, इथेच निदानाची सगळ्यात मोठी खूण हातची जाते. फिल्टर काढा, कच्चा सिग्नल लावा, रॅटला थोडं फिरू द्या. हिप्पोकॅम्पसमध्ये तार असेल तर तो चालताना ६ ते १० हर्ट्झचा थीटा (ठरावीक लयीची लाट) अगदी डोळ्याला दिसतो. थीटा स्वच्छ आहे पण स्पाइक नाहीत, म्हणजे तार जोडलेली आहे, ॲम्प्लिफायर ठीक आहे, फक्त टोकाच्या जवळ जिवंत न्यूरॉन नाही किंवा तार सरकलीय. हा मेंदूतला मामला. थीटापण नाही आणि ५० हर्ट्झची जाड लाट आहे, म्हणजे तार कुठेतरी तुटलीय आणि तो चॅनेल आता नुसती अँटेना झालाय. दोन शेजारचे चॅनेल हुबेहूब एकसारखे दिसतायत, म्हणजे शॉर्ट किंवा ओल. आणि सगळेच्या सगळे चॅनेल एकाच वेळी एकसारखे घाणेरडे झालेत तर चॅनेलना हातही लावू नका, रेफरन्स किंवा ग्राउंड गेलाय.

दुसरं इम्पिडन्स. इंटानच्या सिस्टीममध्ये १ किलोहर्ट्झला मोजायची सोय आहेच, दोन मिनिटांचं काम. आमच्याकडे नियम केलाय की रेकॉर्डिंगच्या प्रत्येक दिवशी सुरुवातीला मोजायची आणि फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची, कारण एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही, चढ-उतार सांगतो. सर्जरीच्या आधी सलाइनमध्ये १५० किलोओहम दाखवणारी तार पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ५००-६०० वर जाते, भोवती पेशी आणि प्रोटीन जमल्यामुळे, मग हळूहळू खाली येऊन स्थिर होते. हे नॉर्मल आहे, घाबरू नका. एकदम कित्येक मेगाओहमवर उडी मारली तर तार तुटली. इथे एक गंमत लक्षात ठेवा, उघड्या पिनवर मीटर अनंत दाखवत नाही, त्या चिपची स्वतःची इनपुट इम्पिडन्सच १ किलोहर्ट्झला १३ मेगाओहमच्या आसपास आहे, त्यामुळे तुटलेली तारही काहीतरी आकडा दाखवतेच आणि नवीन माणूस म्हणतो "आकडा येतोय म्हणजे जोडलेली आहे". नाही. उलट आकडा महिनोन्‌महिने घसरत जाऊन वीस-तीस किलोओहमवर आला तर कोटिंग फाटलंय किंवा आत पाणी शिरलंय. दोन शेजारच्या पिना बरोबर निम्म्यावर आल्या तर त्या एकमेकींना चिकटल्यात.

तिसरं, रॅट बाजूला ठेवून फक्त यंत्राची परीक्षा. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) ३२ रेझिस्टर आणले, प्रत्येकी २०० किलोओहम, आणि एका जुन्या कनेक्टरवर लावून सगळ्यांची दुसरी टोकं ग्राउंडला जोडली. हा आमचा खोटा रॅट. हेडस्टेज यावर लावायचा. एवढ्या रेझिस्टरचा स्वतःचा थर्मल नॉइज (उष्णतेमुळे होणारा गोंगाट) स्पाइकच्या बँडमध्ये चारेक मायक्रोव्होल्ट आणि चिपचा स्वतःचा २.४, दोन्ही मिळून पाचच्या आसपास यायला हवा. तेवढा येत असेल तर हेडस्टेज, केबल, बोर्ड, कॉम्प्युटर सगळं निर्दोष, रॅटच्या बाजूला शोधा. पंचवीस-तीस येत असेल तर रॅटला उगाच छळू नका, प्रॉब्लेम खोलीत आहे. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि यानेच आमचा सगळ्यात जास्त वेळ वाचलाय. सोल्डर करताना हात स्थिर ठेवणारं कोणीतरी शोधा फक्त.

रेफरन्स स्क्रूबद्दल. सात नंबरनंतर दोनच महिन्यांनी अकरा नंबरवर सगळे चॅनेल एकदम गेले, खाताना तर स्क्रीनभर काटेच काटे, म्हणजे चावण्याच्या स्नायूंचा सिग्नल सगळीकडे. दादांनीच पुन्हा सांगितलं की याची टोपी किंचित हलतेय, धरताना जाणवतं. स्क्रूचं भोक जरा मोठं पडलं असेल किंवा सिमेंट लावताना हाड ओलं असेल तर महिनाभरात पकड सुटते. सिमेंटच्या आत गेलेला स्क्रू परत आवळता येत नाही, पण रेकॉर्डिंग वाचवता येतं: एखादा शांत चॅनेल, ज्यावर स्पाइक नाहीत पण इम्पिडन्स ठीक आहे, तो सॉफ्टवेअरमध्ये बाकीच्यांतून वजा करून बघा. घाण नाहीशी झाली तर दोष शंभर टक्के रेफरन्सचा. पुढे सगळ्या चॅनेलचा मीडियन वजा करा, सरासरी नको, कारण दोन मेलेले चॅनेल सरासरीत आले की त्यांची घाण सगळ्यांना वाटली जाते, मेलेले आधी काढायचे. मात्र ग्राउंडच पूर्ण सुटला असेल आणि ॲम्प्लिफायर ५ मिलिव्होल्टच्या मर्यादेला जाऊन आपटत असेल तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, जे रेकॉर्डच झालं नाही ते वजाबाकीने परत येत नाही. म्हणून आम्ही आता प्रत्येक रॅटमध्ये ग्राउंडसाठी दोन स्क्रू लावतो, दोन वेगळ्या पिनांवर, एक राखीव. टोपी हलत असेल तर मात्र रेकॉर्डिंगचा विचार नंतर, आधी व्हेटर्नरी डॉक्टरांना दाखवा, खाली इन्फेक्शन असू शकतं आणि त्या जनावराला दुखत असतं.

आता अर्थिंग, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पुस्तकांत हे नसतं. पावसाळ्यात कनेक्टर, तसा उन्हाळ्यात ५० हर्ट्झ. दोन वर्षं लागोपाठ एप्रिलच्या मध्यापासून आमच्या रेकॉर्डिंगमध्ये हम (विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण) चढायला लागायचा, दुपारी जास्त, रात्री कमी. फॅरेडे केज (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारा धातूचा पिंजरा) होता, केबल शील्डेड होती, सगळं जागेवर. शेवटी बिल्डिंगचं काम बघणाऱ्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता मल्टीमीटर काढला आणि सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजलं, ९ व्होल्ट. म्हणाले, "ताई, हे एक-दोनच्या आत पाहिजे. खड्ड्यात पाणी कधी घातलंय?" बिल्डिंगच्या मागे अर्थिंगचा खड्डा असतो, कोळसा आणि मीठ भरलेला, हे मला माहीतही नव्हतं. झाकण काढलं तर आत माती तडकलेली, बोट घातलं तर भुगा. दोन बादल्या पाणी घातलं, ते गटगट प्यायल्यासारखं आत गेलं, अजून दोन घातल्या. तासाभराने मीटरवर ३ व्होल्ट आणि आमच्या स्क्रीनवर हम अर्ध्याहून कमी.

कारण साधं आहे. प्रत्येक कॉम्प्युटर, फ्रीजर, चार्जर थोडा थोडा करंट अर्थमध्ये गळत असतो, पूर्ण बिल्डिंगचा मिळून तो बराच होतो, आणि दुपारी सगळं चालू असतं. जमीन ओली असेल तर तो निमूट निघून जातो, कोरडी पडली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि अख्ख्या अर्थच्या तारेवरच काही व्होल्ट ५० हर्ट्झ चढतं. आपण केज त्याच अर्थला जोडलेला असतो, म्हणजे जो केज रॅटला वाचवायला होता तोच त्याच्याभोवती हम पसरवतो. आता मार्च ते जून दर सोमवारी खड्ड्यात पाणी घालायचं हे काकांच्या आणि माझ्या दोघांच्या कॅलेंडरवर आहे.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, हम जातो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी बघितलेत. असं कधीही करू नका. एखाद्या यंत्रात फॉल्ट आला तर तो करंट तुमच्या हातातून आणि त्या रॅटमधून जाईल. डीबी (बिल्डिंगचा विजेचा वितरण डबा) स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा.

बाकी खोलीतले चोर शोधायची पद्धत: कच्चा सिग्नल स्क्रीनवर ठेवा आणि एकेक वस्तू बंद करत जा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, हम पडला तर चार्जर दोषी. दोन पिनांचा चार्जर असेल तर लॅपटॉपच्या बॉडीला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात तेच तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये जातंय. एक्स्टेंशन बोर्ड उघडून बघायला सांगा, तीन भोकं असतात पण अर्थची तार आत जोडलेलीच नसते असे बोर्ड आम्हाला दोन सापडले. लाटेचा आकारही बघा, गुळगुळीत लाट म्हणजे साधा ५० हर्ट्झ, पण सेकंदाला शंभर बारीक टोकदार काटे असतील तर ते रेग्युलेटर किंवा डिमरचं काम, कारण ते प्रत्येक अर्ध्या लाटेला करंट तोडून जोडतात. हे काटे जास्त घातक, ते ३०० हर्ट्झच्या फिल्टरमधून आरपार येतात आणि स्पाइक म्हणून मोजले जातात. एका वर्षी गणपतीत दहा दिवस आमच्या एका "न्यूरॉन"चा फायरिंग रेट अगदी पक्का शंभर हर्ट्झ होता, खालच्या मजल्यावर मखराभोवती झगमगणाऱ्या माळा लावल्या होत्या त्यांच्या कंट्रोलरमुळे. खरा न्यूरॉन इतका घड्याळासारखा चालत नाही, स्पाइकमधल्या वेळांचा हिस्टोग्राम काढला की १० मिलिसेकंदला एकच खांब दिसतो, लगेच ओळखू येतं.

आणि नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी कापून टाकणारा) शेवटी. लोक पहिल्याच मिनिटाला ५० हर्ट्झ नॉच लावतात, स्क्रीन स्वच्छ दिसते, आणि तुटलेला ग्राउंड पुढचे तीन आठवडे तसाच राहतो.

एवढं सगळं तपासून झाल्यावर, कनेक्टर स्वच्छ, इम्पिडन्स ठीक, थीटा छान, खोटा रॅट शांत, आणि तरीही स्पाइक आठवड्यागणिक लहान होत चाललेत, तेव्हा म्हणा की मेंदूतलं कारण आहे. असंही होतं, आमच्या चौदा नंबरमध्ये झालं. तिथे खेळ फार थोड्या अंतराचा आहे. वेगळा ओळखता येईल असा स्पाइक टोकापासून साधारण ५० मायक्रॉनच्या आतल्या न्यूरॉनचाच मिळतो, शंभरच्या पुढे सगळी कुजबुज. आणि मेंदू जागेवर स्थिर नसतो, श्वासाबरोबर दहा-वीस मायक्रॉन हलतो, नाडीबरोबर आणखी थोडा. मेंदू मऊ खरवसासारखा आणि त्यात कवटीला पक्की केलेली धातूची तार, दिवसरात्र ती तिथे घासत राहते, भोवतालचे न्यूरॉन मरतात किंवा मागे ढकलले जातात, मधे ॲस्ट्रोसाइट भरतात. यावर पक्का इलाज नाही. तार जितकी बारीक आणि लवचिक तितकं बरं, सर्जरीत रक्तवाहिनी टाळली तर खूप फरक पडतो, डेक्सामेथासोनने (स्टेरॉइड औषधाने) सुरुवातीची सूज कमी होते पण डोस आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवायचे. इलेक्ट्रोडवर थोडा वेळ दीड व्होल्ट देऊन सिग्नल उजळवल्याचे पेपर आहेत, २००६ च्या आसपासचे, पण तो उजाळा थोड्या काळापुरता असतो आणि आम्ही तो चालू प्रयोगात वापरत नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मायक्रोड्राइव्हचा. पुढच्या बॅचपासून तारा कवटीला पक्क्या न करता बारीक स्क्रूवर बसवल्या. आमचा स्क्रू इंचाला ८० आट्यांचा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला ०.३१७५ मिलिमीटर, पाव फेरा म्हणजे साधारण ८० मायक्रॉन. स्पाइक गेले की पाव नाही, एक अष्टमांश फेरा फिरवायचा, आणि मग त्याच दिवशी स्क्रीनकडे बघायचं नाही. टिश्यू तारेबरोबर ओढला गेलेला असतो, तो रात्रभरात परत बसतो, आणि अधीरपणे आणखी फिरवलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही हवा तो थर ओलांडून पुढे गेलेले असता. पायरॅमिडल थर (हिप्पोकॅम्पसमध्ये न्यूरॉन दाटीने असतात तो) फार पातळ आहे, गेला की गेला, वर घेऊन परत मिळत नाही सहसा.

कनेक्टरची रोजची झीज हाही मुद्दा आहे. दिवसातून दोनदा हेडस्टेज लावला-काढला की महिन्यात साठ वेळा होतं, पिना सैल होतात. मधे एक छोटा ॲडॉप्टर ठेवा जो झिजला की बदलता येईल, आणि रेकॉर्डिंग नसताना कनेक्टरवर टोपण. टोपण हरवलं म्हणून चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिनांत जातो आणि तो अल्कोहोलनेही नीट निघत नाही.

सात नंबरच्या त्या दोन चॅनेलचं राहिलंच. तो रॅट नंतर ९६ व्या दिवसापर्यंत चालला, ज्याला एकोणिसाव्या दिवशी संपवणार होतो, आणि आमचा अर्धा डेटा त्याचाच आहे. शेवटी मेंदूचे काप काढले, न्यूएनने न्यूरॉन आणि जीएफएपीने ॲस्ट्रोसाइट रंगवले. मला बघायचे होते ते हेच दोन चॅनेल, ज्यांच्यासमोर मी वहीत "स्कार?" असं लिहून ठेवलं होतं. दोन्ही तारांच्या टोकांपाशी पातळ कवच होतं, बाकीच्यांइतकंच, आणि साठेक मायक्रॉनवर न्यूरॉनची रांग व्यवस्थित उभी होती. मग सिमेंटची टोपी कापून तारा मागे मागे शोधत गेले, तर दोन्ही कनेक्टरच्या सोल्डर जॉइंटपाशी तुटलेल्या होत्या, जिथे कोटिंग खरवडताना ब्लेडचा चरा पडलेला. टंगस्टनला सोल्डर नीट धरत नाही हेही त्यात आलंच. आता मी त्या जागी ब्लेड वापरत नाही, पिनवर आधी चांदीचा कंडक्टिव्ह पेंट लावते, प्रत्येक तार मीटरवर तपासते, आणि इपॉक्सीने पूर्ण झाकून चोवीस तास सुकू देते, मगच ॲरे सर्जरीला जातो.